साने गुरुजींचा फोटो अक्षरांतून काढायचाय : चेहरा लांबट येतो, टोपी गायब होते, देवनागरी अक्षरं फुटतात

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती आहे. शाळेच्या दर्शनी भिंतीवर ए-थ्री आकाराचं पोस्टर लावायचंय. गुरुजींचा टोपी घातलेला फोटो हवा, पण सगळा अक्षरांनी भरलेला. लांबून बघितलं की चेहरा दिसावा आणि जवळ गेलं की खान्देशातल्या नद्यांची नावं वाचता यावीत : तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर, वाघूर, बुराई, गोमाई, पूर्णा. गुरुजी १९२४ ते १९३० इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, त्यामुळे हे पोस्टर नुसती शोभा म्हणून नको, नीट व्हायला हवं.

आतापर्यंत केलेलं असं : फोटो गिम्प या चित्र-संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडला, २०० पिक्सेल रुंद केला, एक्स्पोर्टच्या यादीत ‘आस्की आर्ट’ (कीबोर्डवरच्या खुणांनी काढलेलं चित्र) होतं ते निवडलं आणि आलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडली. तीन अडचणी आल्या.

१. चेहरा जवळजवळ दुप्पट उंच दिसतो.
२. पांढरी टोपी मागच्या पांढऱ्या भिंतीत मिसळून जाते. कपाळाच्या वर काहीच उरत नाही.
३. खुणांऐवजी नद्यांची नावं घालायला एका स्प्रेडशीटमध्ये नावांची एक लांब ओळ करून ‘मिड’ फंक्शनने एकेक अक्षर काढलं, तर मात्रा सुट्ट्या पडतात आणि प्रत्येकीपुढे ठिपक्यांचं वर्तुळ येतं. ‘पूर्णा’चे सहा तुकडे झाले.

फोटोशॉप नाही. गिम्प आणि लिबरऑफिस आहे. प्रोग्रामिंग येत नाही. कुणी पायरीपायरीने सांगेल का?

---

पांझरा_धुळे

ताई, पहिल्या दोन अडचणींचं सांगतो. तिसरीवर इथले जुळारी भाऊ जास्त नीट बोलतील.

उंचीचं कारण साधं आहे. पिक्सेल चौरस असतो, टंकाचं (फाँटचं) घर, म्हणजे एका अक्षराला मिळणारी जागा, चौरस नसते. कुरियर न्यू या टंकात प्रत्येक अक्षराची रुंदी टंकाच्या मापाच्या ०.६ पट आणि ओळीची उंची १.१३ पट असते, म्हणजे घराची रुंदी भागिले उंची ०.५३. नोटपॅडमध्ये कन्सोलस असेल तर हेच प्रमाण साधारण ०.४७ येतं. गिम्पचं आस्की आर्ट (आत एएलिब नावाची लायब्ररी काम करते) एका अक्षरासाठी २ × २ पिक्सेल घेतं आणि घराच्या उंचीचा विचारच करत नाही. म्हणून २०० पिक्सेलच्या चित्राचे १०० रकाने होतात, ओळी मात्र दुप्पट उंच पडतात.

सूत्र : ओळी = रकाने × (फोटोची उंची ÷ रुंदी) × घराचं प्रमाण.

तुमचा फोटो ३ : ४ धरू. रकाने १००, कुरियर न्यू : १०० × १.३३ × ०.५३ = ७१ ओळी. म्हणजे गिम्पमध्ये इमेज → स्केल इमेज इथे रुंदी-उंचीमधली साखळी तोडून २०० × १४२ द्या. चित्र दाबलेलं, चपटं दिसेल. तसंच दिसायला हवं. कन्सोलसला हाच आकडा ६३ ओळी, म्हणजे २०० × १२६. टंक कोणता आहे ते माहीत नसेल तर नोटपॅडमध्ये # या खुणेच्या २० ओळी, प्रत्येकीत २० खुणा टाका, स्क्रीनशॉट घ्या, गिम्पच्या मेजर टूलने रुंदी आणि उंची मोजून भागाकार करा. आकडा छातीठोक मिळतो.

नोटपॅडमध्ये वर्ड रॅप बंद हवं. वर्ड किंवा रायटरमध्ये चिकटवत असाल तर ओळींचं अंतर ‘फिक्स्ड’ करून टंकाच्या मापाइतकंच ठेवा (१० पॉइंट टंक, १० पॉइंट अंतर). मग प्रमाण ०.६ होतं आणि ओळींची संख्या पुन्हा काढावी लागते : १०० रकान्यांना ८०. अंतर घट्ट केल्याचा दुसरा फायदा मोठा आहे, चित्र गडद होतं.

आता टोपी. अक्षरचित्रात पांढरा म्हणजे कोरी जागा. टोपीही कोरी, भिंतही कोरी, मग कड येणार कुठून? फोटोतली पार्श्वभूमी मुद्दाम करडी करायची. फ्री सिलेक्ट टूलने डोकं, टोपी, खांदे यांच्याभोवती निवड करा, फेदर ३ ते ५ पिक्सेल, निवड उलटी करा आणि मागे १५०–१७० च्या आसपासचा करडा भरा (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). टोपी २३५ च्या वर राहू द्या. टोपीची घडी दिसायला हवी असेल तर बर्न टूलने घडीची रेघ थोडी काळी करा. एवढ्या कमी रकान्यांत फोटोतली मूळ नाजूक सावली टिकत नाही.

कापणीकडे (क्रॉपकडे) लक्ष द्या. चेहरा साधारण पाच डोळ्यांइतका रुंद असतो. चेहऱ्याला ७० रकाने मिळाले तर एका डोळ्याला १४ येतात, बुबुळ-पापणी कळते. अर्धा देह घेतलात आणि चेहऱ्याला २५ रकाने उरले तर डोळा पाच अक्षरांत संपतो, मग तो कुणाचाही डोळा होतो. टोपीच्या टोकापासून गळ्यापर्यंतच घ्या. बंडी, खांदे सोडा.

क्रम असा ठेवा : कापणी, पार्श्वभूमी, इमेज → मोड → ग्रेस्केल, कलर्स → लेव्हल्समध्ये हिस्टोग्रामच्या (उजेडाच्या आलेखाच्या) दोन्ही टोकांचे बाण डोंगराच्या पायथ्याशी आणणं, मग स्केल, आणि सगळ्यात शेवटी कडा ठळक करणारा अनशार्प मास्क (रेडियस १, अमाउंट ०.५). शार्पन आधी केलंत तर स्केल करताना ते धुऊन निघतं.

अक्षरं लावण्याआधी एक चाचणी नक्की करा. लहान केलेल्या चित्रावर कलर्स → पोस्टराइझ लावून ८ पातळ्या द्या आणि झूम करून दोन पावलं मागे जा. इथे गुरुजी ओळखू आले नाहीत तर पुढे कोणतंही अक्षर त्यांना आणू शकत नाही. लेव्हल्सकडे परत या.

---

जुळारी

पांझरा भाऊंनी पाया घातला आहे. आता घनतेचं बोलू, कारण बहुतेक अक्षरचित्रं फिकी पडतात ती इथेच.

इंग्रजी खुणांची नेहमीची उतरंड अशी असते, फिक्याकडून गडदकडे :

. : - = + * # % @

सुरुवातीला कोरी जागा धरली की दहा पायऱ्या. पण ही उतरंड प्रत्येक टंकाला खरी नाही. आस्कीत छापता येणारी ९५ चिन्हं आहेत आणि त्यांचा काळेपणा टंकागणिक बदलतो. म्हणून मोजायचं. गिम्पमध्ये घराच्या प्रमाणाचं पांढरं चित्र घ्या (कुरियरसाठी ६० × ११३, टंक १०० पिक्सेल), त्यात एक अक्षर काळं टाका, फ्लॅटन करा, कलर्स → इन्फो → हिस्टोग्राम उघडा आणि ‘मीन’ बघा. घनता = (२५५ − मीन) ÷ २५५. मीन २०४ आला तर ५१ ÷ २५५ म्हणजे २० टक्के शाई. आठ-दहा अक्षरांना अर्धा तास लागतो आणि चित्राचा सगळा दर्जा त्या अर्ध्या तासावर उभा असतो.

आता लक्षात घ्यायची गोष्ट. सगळ्यात गडद अक्षरसुद्धा घराचा तिसरा हिस्सा जेमतेम भरतं. समजा ३५ टक्के भरलं. उरलेल्या ६५ टक्के पांढऱ्यातून येणारा उजेड डोळ्याला पडद्यावरच्या सुमारे २११ या करड्याइतका दिसतो. १२८ नाही, ९० नाही, २११. पडद्याचे आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात : निम्मं काळं, निम्मं पांढरं मिसळलं तर १८८ येतो. म्हणजे तुमच्याकडे ० ते २५५ हा सगळा पल्ला नाहीच, २११ ते २५५ एवढीच फट आहे. त्या फटीत चेहरा बसवायचा, म्हणून मूळ फोटोचा कॉन्ट्रास्ट वाजवीपेक्षा जास्त ताणावा लागतो, टंक बोल्ड घ्यावा लागतो आणि ओळी घट्ट बसवाव्या लागतात. कुरियर न्यू साधा घेतला तर फारच बारीक रेघेचा आहे, या कामाला बोल्डच.

अगदी गडद जागांसाठी (बुबुळ, टोपीखालची सावली) एक उपाय : घर काळं आणि अक्षर पांढरं. ३५ टक्क्यांचं अक्षर उलटं केलं की ६५ टक्के शाई मिळते. मात्र ३५ वरून ६५ वर एकदम उडी पडते, म्हणून एकूण घरांच्या पाचेक टक्क्यांपलीकडे हे वापरू नका, चेहऱ्यावर डाग पडल्यासारखं होतं.

देवनागरी का फुटते : युनिकोडमध्ये (संगणकावर सगळ्या लिप्या साठवायच्या संकेतपद्धतीत) ‘पूर्णा’ म्हणजे प, उकार, र, हलन्त, ण, काना असे सहा संकेत एकापुढे एक. ‘मिड’ फंक्शन संकेत मोजतं, अक्षरं मोजत नाही. एकटा पडलेला उकार कुणाला तरी चिकटायला बघतो, कुणी सापडलं नाही की ठिपक्यांचं वर्तुळ दाखवतो. नुसतं मात्रा चिकटवून ठेवणं पुरत नाही, जोडाक्षरही एकसंध ठेवायला हवं. युनिकोडच्या अक्षरतुकड्यांच्या नियमात देवनागरी जोडाक्षर न तोडण्याची तरतूद २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आली. त्याआधीच्या नियमावर चालणारं साधन ‘र्णा’चे र् आणि णा असे दोन तुकडे करतं. तुमच्या कामाला यंत्रावर भिस्त ठेवायची गरजच नाही. नऊ नावं हातानेच २४ घरांत लिहा :

ता, पी, गि, र, णा, पां, झ, रा, बो, री, अ, ने, र, वा, घू, र, बु, रा, ई, गो, मा, ई, पू, र्णा.

आणि इंग्रजीसारखी ‘फिक्या जागी फिकं अक्षर’ ही पद्धत इथे सोडून द्या. तसं केलंत तर नावं वाचता येणार नाहीत, नुसती र, झ, णा यांची सरमिसळ राहील. नावांचा क्रम तसाच चालू ठेवायचा आणि गडदपणा टंकाच्या जाडीवर सोडायचा. मुक्त या टंकाच्या सात जाड्या मिळतात : एक्स्ट्रालाइट, लाइट, रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड, एक्स्ट्राबोल्ड. नोटो सान्स देवनागरीच्या नऊ आहेत. दोन्ही मोफत.

---

चोपडेकर

प्रोग्राम न लिहिता हे कॅल्कमध्ये (लिबरऑफिसच्या स्प्रेडशीटमध्ये) कसं बसवायचं ते देतो. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, शीटमध्ये ती इंग्रजी स्पेलिंगने टाका.

गिम्पमधून आकडे काढणं. तयार फोटो ग्रेस्केल, फ्लॅटन, इमेज → प्रिसिजन ८ बिट इंटिजर. मग एक्स्पोर्ट करताना नावाच्या शेवटी बिंदू देऊन पी-जी-एम ही अक्षरं, आणि पुढच्या खिडकीत ‘रॉ’ ऐवजी ‘आस्की’ निवडा. ही साधी मजकुराची फाइल असते, दर ओळीला एका पिक्सेलचा आकडा. वरच्या काही ओळी ओळखीच्या असतात (प्रकार, टिप्पणी, रुंदी-उंची, २५५), त्या काढून टाका. आकडे २५५ च्या वर दिसले तर प्रिसिजन ८ बिट करायची राहिली आहे.

कॅल्कमध्ये तीन शीट. ‘आकडे’ या शीटच्या पहिल्या रकान्यात फाइलमधले सगळे आकडे चिकटवा. ‘जाळी’ शीटमध्ये पहिल्या घरात : इंडेक्स(आकडे शीटचा पहिला रकाना, (रो()−१) × रकान्यांची संख्या + कॉलम()). हे सूत्र सगळ्या जाळीभर ओढा. ‘चित्र’ शीटमध्ये नद्यांची २४ अक्षरं फिरती : इंडेक्स(अक्षरांची यादी, मॉड((रो()−१) × रकाने + कॉलम() − १, २४) + १). यादीचा पत्ता डॉलरच्या खुणेने पक्का करा, नाहीतर ओढताना तोही सरकतो.

मग फॉर्मॅट → कंडिशनल → कंडिशन. इथे ‘फॉर्म्युला इज’ निवडून जाळीतल्या त्याच घराचा आकडा तपासायचा आणि प्रत्येक अटीला वेगळी सेल स्टाइल द्यायची. सुरुवातीचे टप्पे : ३६ च्या खाली एक्स्ट्राबोल्ड, ७२ च्या खाली बोल्ड, १०८ सेमीबोल्ड, १४४ मीडियम, १८० रेग्युलर, २१६ लाइट, २४६ एक्स्ट्रालाइट. त्यापुढे अक्षराचा रंग पांढरा. अटी वरून खाली तपासल्या जातात आणि पहिली खरी ठरलेली लागू होते, म्हणून लहान आकडा वर. एक्सेलमध्ये हे करायला जाऊ नका, तिथल्या कंडिशनल फॉर्मॅटिंगला टंकाचं नाव बदलता येत नाही.

इथे हमखास अडकायला होतं : स्टाइलमध्ये टंक बदलला तरी अक्षर बदलत नाही. कारण कॅल्क देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ समजतो आणि त्याचा टंक वेगळ्या जागी ठरतो. टूल्स → ऑप्शन्स → लँग्वेज सेटिंग्जमध्ये ते चालू करा, मग स्टाइलच्या फाँट पानावर त्याचा स्वतंत्र भाग दिसतो. मुक्त तिथे निवडायचा, वरच्या ‘वेस्टर्न’ भागात नाही.

मापं : रकाना ५ मिमी, ओळ ६ मिमी, टंक १० पॉइंट. मुक्तच्या ओळीची उंची मापाच्या १.६६ पट, म्हणजे १६.६ पॉइंट. ६ मिमी म्हणजे १७ पॉइंट. जेमतेम बसतं, ११ पॉइंट केलंत की वेलांटी नाहीतर उकार कापला जातो. सेलच्या बॉर्डर्स पानावरचं पॅडिंग शून्य करा, आडवी-उभी मांडणी मध्यावर.

---

बोरीकाठ

मनापासून आभार सगळ्यांचे. ७२ रकाने आणि ८० ओळी घेऊन काल बसवलं. टोपी आली, डोळे आले, नावं अखंड वाचता येतात. पण आता चेहऱ्यावर उभे पट्टे दिसतात, कोळ्याच्या जाळीमागून बघावं तसे. फोटोत ते नाहीत, पोस्टराइझच्या चाचणीतही नव्हते. शिवाय शिरोरेखांमुळे आडव्या रेघाही जाणवतात. काय चुकलं?

---

जुळारी

काही चुकलं नाही, फक्त भागाकार जुळून आला. तुमची अक्षरं २४, रकाने ७२. बरोबर तीन पट. त्यामुळे प्रत्येक ओळ ‘ता’पासूनच सुरू होते आणि ‘र्णा’च्या खाली ‘र्णा’, ‘र’च्या खाली ‘र’ असा उभा खांब तयार होतो. ‘र’ फिका, ‘र्णा’ गडद, म्हणून पट्टा.

रकाने असे निवडा की २४ ने भागल्यावर बाकी ना शून्य यावी, ना एक. ७३ घेतलेत तर दर ओळीला एकच अक्षर सरकेल आणि पट्टे तिरपे होतील, जाणार नाहीत. ७७ घ्या : बाकी ५, अक्षरं विखुरतात आणि डोळ्याला पट्टा सापडत नाही. ओळींचा हिशोब पुन्हा करा. घर ५ × ६ मिमी, प्रमाण ०.८३ : ७७ × १.३३ × ०.८३ = ८६ ओळी धरा. गिम्पमध्ये फोटो ७७ × ८६ करून आकडे नव्याने काढावे लागतील, आणि ‘जाळी’ व ‘चित्र’ या दोन्ही शीटच्या सूत्रांत ७२ च्या जागी ७७. ‘जाळी’चं सूत्र राहिलं तर चित्र दर ओळीला पाच घरं सरकत तिरकं घसरतं, तेवढ्यावरून चूक कळते.

आडव्या रेघांचं दुसरं. शिरोरेखा अक्षराला अक्षर चिकटली तरच पूर्ण पानभर रेघ बनते. ५ मिमी घरात १० पॉइंटचं ‘र’ किंवा ‘पी’ सुटं राहतं, ‘णा’ आणि ‘झ’ रुंद आहेत, त्यांच्या आणि शेजाऱ्याच्या मधली फट कमी होते. एक्स्ट्राबोल्डमध्ये जास्तच. दोन उपाय आहेत : सगळ्यात जाड दोन स्टाइलींचा टंक अर्धा पॉइंट कमी करणं, किंवा रकाना ५.३ मिमी करणं (मग प्रमाण ०.८८ होतं, ओळी ९०). मी पहिला निवडेन. फट राहिली की ती रेघ तुटक होते आणि पोत म्हणून चालून जाते. जुन्या लाकडी ठशांच्या छपाईतही अनेकदा रेघांचा पोत असतो आणि चेहरे त्यातूनच ओळखू येतात.

मध्ये थोडं वेगळं. १९६६ मध्ये बेल लॅब्जमध्ये केनेथ नोल्टन आणि लिऑन हार्मन यांनी फोटो यंत्राने वाचून प्रत्येक तुकड्याच्या उजेडाप्रमाणे बारीक चिन्हं बसवली होती. जवळून चिन्हं, लांबून आकृती, तत्त्व तेच. म्हणून पोस्टर लावायची जागा अशी बघा की माणूस आठ-दहा फूट मागे उभा राहू शकेल आणि मग पुढे येऊ शकेल. जिन्याच्या अरुंद वळणावर लावलंत तर फक्त नद्या दिसतील, गुरुजी नाही.

---

भुसावळ_यार्ड

एवढी कॅल्कची खटपट जमत नसेल त्यांच्यासाठी गिम्पमध्येच होणारी पद्धत सांगते. ए-थ्रीला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. तेवढं चित्र घ्या, खाली पांढरा लेयर, त्यावर फोटोचा लेयर, त्यावर टेक्स्ट लेयर. त्यात नद्यांची नावं भरभरून चिकटवा, मुक्त बोल्ड, ३८ पिक्सेल (३०० डीपीआयला ९ पॉइंट). टेक्स्ट लेयरवर उजवी क्लिक → अल्फा टू सिलेक्शन. मग फोटोच्या लेयरवर अ‍ॅड लेयर मास्क → सिलेक्शन. टेक्स्ट लेयर लपवा. अक्षरांच्या आतून फोटो दिसायला लागतो. मात्रा, जोडाक्षरं, सगळं जागच्या जागी.

टोपीची अक्षरं पांढऱ्यावर पांढरी होऊन जातील, म्हणून फोटोवर लेव्हल्समध्ये ‘आउटपुट’चा उजवा बाण १९० वर आणा. मग उजळात उजळ जागेतही अक्षर फिक्या करड्यात वाचता येतं.

तोटा एकच, पण सांगायला हवा : यात अक्षरं करड्या रंगात छापली जातात. लेझर प्रिंटर करडा रंग बारीक ठिपक्यांनी काढतो, त्यामुळे लहान अक्षरांच्या कडा झिजल्यासारख्या येतात. चोपडेकर दादांच्या पद्धतीत शाई निव्वळ काळी असते, कड सुरीसारखी येते. ताई, तुमचं एवढं झालंय तर तीच पुढे न्या. ही पद्धत रंगीत पोस्टरला चांगली.

---

पांझरा_धुळे

छपाईला जाताना : कॅल्कमध्ये फॉर्मॅट → पेज स्टाइल → शीट इथे स्केलिंग ‘फिट टू विड्थ / हाइट’, एक पान रुंद, एक पान उंच. पान ए-थ्री, चारी बाजूंना १५ मिमी समास. ७७ रकाने × ५ मिमी = ३८५ मिमी, ते २६७ मिमीत बसायला साधारण ६९ टक्के आकुंचन होईल. उंची ५१६ ची ३५८ मिमी, बसते. टंक ६.९ पॉइंट उरतो, हातभर अंतरावरून आरामात वाचता येतो.

शीटची फाइल प्रेसला देऊ नका, पीडीएफ द्या. पुष्कळ प्रेसमध्ये काम अजून कोरलड्रॉ आणि जुन्या बिगर-युनिकोड टंकांवर चालतं. तिथे मुक्त टंक नसला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, ‘गिरणा’चं भलतंच होतं. कोरलमध्ये पीडीएफ घेताना मजकूर ‘टेक्स्ट’ की ‘कर्व्हज’ असं विचारतं. ‘कर्व्हज’ सांगा. आणि ‘फिट टू पेज’ बंद. आधीच बसवलेलं पुन्हा आकसायला नको.

फ्लेक्सवर घेऊ नका. फ्लेक्स लांबून बघायच्या मजकुरासाठी असतो, सात पॉइंटची वेलांटी त्यावर भरून जाते. जाड मॅट कागदावर लेझर. चकचकीत कागदावर दर्शनी भिंतीच्या उजेडाचा चटका पडतो.

आधी ए-फोरवर फक्त डोळे-नाकाचा भाग खऱ्या मापात छापून बघा. छापताना अक्षरांच्या कडा थोड्या पसरतात, त्यामुळे पडद्यापेक्षा सगळं किंचित गडद येतं. सेमीबोल्ड आणि बोल्डमध्ये फरक दिसेनासा झाला तर मधली एक पायरी गाळून टाका. सातऐवजी पाचच जाड्या ठेवल्या तरी चेहरा पक्का राहतो.

---

कपाशी_शिंदखेडा

याच चित्राची छोटी प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल का? वर्गाच्या गटात टाकायची आहे.

---

चोपडेकर

अक्षरांत पाठवायची तर देवनागरी नको भाऊ, फोनमध्ये ती समान रुंदीची नसते आणि रकाने विस्कटतात. इंग्रजी खुणा घ्या, मजकुराच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक (``` ही खूण) द्या, म्हणजे समान रुंदीचा टंक लागतो. रुंदी ३० रकान्यांच्या आत. त्यापुढे ओळ मोडते आणि सगळं चित्र कोसळतं.

तीस रकान्यांत चेहरा मावत नाही, तेव्हा ब्रेलची चिन्हं कामाला येतात. युनिकोडमध्ये ती २५६ आहेत, प्रत्येकात २ × ४ ठिपके, म्हणजे ३० रकान्यांत ६० ठिपके रुंदी मिळते. फोटो आधी शुद्ध काळा-पांढरा करावा लागतो, करड्या पायऱ्या नाहीत. कोऱ्या जागी साधी स्पेस न टाकता ब्रेलचंच कोरं चिन्ह टाका, दोघांची रुंदी फोनमध्ये सारखी नसते.

आणि ज्यांचा फोन डार्क मोडवर आहे त्यांना हे चित्र निगेटिव्हसारखं उलटं दिसेल : टोपी काळी, सावली पांढरी. अक्षरं काळ्यावर पांढरी असली की उतरंड उलटी लागते. गटात दोन्ही तऱ्हेचे फोन असणारच, त्यामुळे ताईंच्या पीडीएफचा पीएनजी करून फोटो म्हणून टाकणं हेच बरं. टाकताना एचडी निवडा, नाहीतर दाबलेल्या फोटोत नद्यांची नावं पुसली जातात.

---

बोरीकाठ

७७ रकान्यांवर पट्टे गेले. जाड दोन स्टाइली साडेनऊ पॉइंट केल्या, शिरोरेखा तुटक झाली. ए-फोरवरच्या नमुन्यात मीडियम आणि रेग्युलर सारखेच दिसत होते, मीडियम काढून टाकला. बुबुळं आणि टोपीच्या कडेखालची ४० घरं काळी करून अक्षर पांढरं ठेवलं, नजर आली. पीडीएफ उद्या प्रेसला देते. पेज स्टाइल, जाळी आणि नद्यांच्या यादीसकट कोरी शीट इथे जोडत आहे. दुसरा फोटो घालायचा असेल तर फक्त ‘आकडे’ शीटचा पहिला रकाना बदला. रकाने ७७ आणि ओळी ८६ सोडून दुसरं माप हवं असेल तर सूत्रांतला ७७ दोन ठिकाणी आहे, दोन्हीकडे बदला.